पंच्याहत्तरावा मणी

हेनीबाईंचं मत कधी विचारावं लागलं नाही. ते तयारच असायचं. सकाळी मी दार उघडून गॅलरीत आले, व्यायामाच्या नावाखाली दोन हात वर केले, की शेजारच्या खुर्चीतून आवाज यायचा, "रॉब पुन्हा तीच चूक करणार आहे." रॉब कोण, त्याने आधी काय चूक केली होती आणि ती पुन्हा करायचा बेत त्याने यांना कधी कळवला, असलं काही विचारायची सोय नव्हती. विचारलं की दीड तास गेला.

रॉब म्हणजे आमच्या इमारतीसमोरच्या मैदानावर खेळणाऱ्या बेसबॉल संघाचा कोच. हॉलंडमधल्या या हार्लेममध्ये बेसबॉलला होंकबॉल म्हणतात, आणि जुन्या हार्लेमकरांना त्याचं चांगलंच वेड आहे. आपल्याकडे क्रिकेटची निवडसमिती प्रत्येक पानपट्टीवर बसलेली असते. तिथली आख्खी समिती एकाच खुर्चीत बसलेली होती. वय एक्क्याऐंशी, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले, कानामागे पेन्सिल, मांडीवर क्लिप लावलेलं पॅड. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण त्या मला 'तू'च म्हणत असणार असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले, आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणत होते. दहा वर्षांनी मोठ्या होत्या. शिवाय काही माणसांपुढे जीभ आपली आपणच सरळ होते.

मी त्या वर्षी फेब्रुवारीत मुलाकडे, निखिलकडे, तीन महिन्यांसाठी आले होते. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि माझं परतीचं विमानही रद्द झालं. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, पण बसायला जागा कोण वाढवून देणार? एका खोलीत निखिल 'माझा आवाज येतोय का?' म्हणत बसलेला, दुसऱ्या खोलीत सून तेच विचारत बसलेली, आणि जेवणाच्या टेबलावर नातीची शाळा. मी स्वयंपाकघरात कुकर लावला तरी तीन ठिकाणच्या मीटिंगा थांबायच्या. उरली बाहेरची गॅलरी, सगळ्या घरांची दारं जिच्यावर उघडतात ती. तिथे मी खुर्ची टाकली आणि पाचच मिनिटांत हेनीबाई दोन बेसबॉलच्या बॅटी घेऊन बाहेर आल्या.

मला वाटलं, बाई मारतात की काय. त्यांनी शांतपणे त्या बॅटी माझ्या आणि स्वतःच्या खुर्चीच्या मध्ये टोकाला टोक लावून जमिनीवर ठेवल्या. दीड मीटर अंतर राखायचा सरकारी नियम होता. दोन बॅटी म्हणजे दीड मीटर आणि वर चार बोटं. मी निघेपर्यंत त्या बॅटींची जागा बदलली नाही. मी चिवड्याचा डबा ताटलीत ठेवायचे, हेनीबाई एक बॅट उचलून ती ताटली स्वतःकडे ओढून घ्यायच्या आणि चिवडा काढून तितक्याच सफाईने परत ढकलायच्या. त्यांनी मला त्यांच्याकडची खारट काळी गोळी दिली होती. ती मी कुंडीत थुंकले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अमेरिकनही तिथेच थुंकायचे."

हे अमेरिकन म्हणजे त्यांचे भाडेकरू. हेनीबाईंनी आयुष्य एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दर उन्हाळ्यात क्लब अमेरिकेहून एकदोन पिचर आणायचा आणि त्यातला एक हेनीबाईंच्या मागच्या खोलीत राहायचा. बाईंचं इंग्रजी त्या पोरांकडून आलेलं. त्यामुळे त्यांना भाजीवाल्याशी इंग्रजीत बोलता आलं नसतं, पण खांद्यातल्या स्नायूंवर त्या तासभर बोलायच्या. त्या वर्षीच्या पिचरसाठी त्यांनी मार्चमध्येच चादरी धुऊन, इस्त्री करून पलंगावर घातल्या होत्या. विमानं बंद झाली. मी इकडे अडकले, तो तिकडे. पलंग तसाच राहिला.

एप्रिल, मे, जून. समोरचं मैदान रिकामं, गवत वाढलेलं. न खेळणाऱ्या संघाबद्दलही हेनीबाईंची मतं रोज नवी. त्यांच्या फ्रिजवर नऊ लोहचुंबक होते, प्रत्येकाखाली एका खेळाडूचं नाव. रात्रीतून ते जागा बदलायचे. सकाळी दार उघडं ठेवून त्या मला तो फ्रिज दाखवायच्या आणि कालपर्यंत तिसरा असलेला आज सहावा का झाला ते सांगायच्या. कॅचरला, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे चेंडू झेलणाऱ्याला, पहिल्या बेसवर उभं करणं म्हणजे पुजाऱ्याला प्रसादाच्या रांगेत उभं करणं, असं काहीसं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे त्यांनी दुसरंच उदाहरण दिलं होतं, पुजारी माझा.

पण त्यांचा खरा जीव पिचरांत अडकलेला. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. अमेरिकेचे दोघे येणार नाहीत हे ठरल्यावर संघात उरले दोन. एक वीम, वय सदतीस, पोस्टमन, हळू टाकणारा. दुसरा टाइस, वय वीस, डावखुरा, भन्नाट वेगवान. हेनीबाईंचं मत असं, की सुरुवातीच्या सामन्यांत नऊ डावांतले पहिले चार वीमने ओढायचे आणि नंतर थोड्या वेळासाठी टाइसला आणायचं. पोरं चार महिने घरात सोफ्यावर बसून होती. जुलैमध्ये दोन आठवड्यांच्या सरावावर त्या कोवळ्या हाताला सुरुवातीपासून जुंपायचं नाही. जुंपलंच तर पंच्याहत्तर चेंडू. शहात्तरावा नाही. "पहिल्या महिन्यात सामना जिंकायचा नसतो," त्या म्हणायच्या, "हात जपायचा असतो."

मी मनात म्हणायचे, बाई, पंच्याहत्तर काय नि ऐंशी काय. मग एका दुपारी त्यांनी मला रॉबच्या खांद्याबद्दल सांगितलं.

हेनीबाई त्या क्लबच्या स्कोअरर होत्या. एक-दोन नाही, चांगली पस्तीस वर्षं. जाळीमागे बसून कोण आला, कोण बाद झाला, सगळं कागदावर मांडायचं आणि शेवटी खाली सही करायची. रॉब तेव्हा बावीस वर्षांचा पिचर होता. मोसमातला शेवटचा सामना बरोबरीत अडकला, डाव वाढत गेले आणि तेव्हाचा कोच रॉबला काढीना. त्या काळी चेंडू कोणी मोजत नसे. हेनीबाई मोजत होत्या, समासात, बारीक काड्या ओढून. एकशे एकसष्ट. शंभरच्या पुढे त्यांना दिसत होतं की पोराचा हात खाली येतोय. पण स्कोअररने बोलायचं नसतं, त्याने लिहायचं. त्यांनी लिहिलं. सामना जिंकला. पुढच्या वसंतात रॉबचा हात खांद्याच्या वर जाईना, तो आजतागायत. "तो कोट खुंटीला डाव्या हाताने लावतो," हेनीबाई म्हणाल्या. "ते सगळ्यांना दिसतं. एकशे एकसष्ट हा आकडा फक्त माझ्याकडे आहे."

तोच रॉब पुढे कोच झाला, तेव्हापासून हेनीबाई त्याला दर सोमवारी एक पोस्टकार्ड पाठवत. मागच्या सामन्यात काय चुकलं, पुढच्यात काय टाळ. पंधरा वर्षं. त्याने एकाही कार्डाला उत्तर दिलं नव्हतं. मी विचारलं, मग लिहिता कशाला? तर म्हणाल्या, तेव्हा गप्प बसले होते, त्याची परतफेड चाललीय.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी सांगलीला छत्तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तराखाली एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणारी बाई ती मीच. तिशीतली ती मी आज डोळ्यांपुढे आली की हसू आवरत नाही: कडक इस्त्रीची साडी, हातात खडू, आणि नाक असं वर की पाऊस आला तर आत जावा. एकदा फळ्यावर सातआठे चोपन्न लिहिलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर करून दाखवलं. मी एका क्षणात म्हटलं, "मुद्दामच लिहिलं होतं. बघत होते, कोणाचं लक्ष आहे." पोरीचं कौतुकही केलं, निर्लज्जासारखं. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं याचा हिशोब मात्र मी ठेवलेला नाही. घरीही तेच. आमचे हे बँकेच्या क्रिकेट टीमचे स्कोअरर. रविवारी उन्हात बसून ठिपके काढायचे. मी म्हणायचे, अकरा माणसं तिकडे पळतायत आणि तुम्ही सावलीत रांगोळी काढताय. बिचारे हसायचे आणि मला समजवायचे, की वाइड चेंडू षटकात धरत नाहीत, नो-बॉल धरत नाहीत. मी ऐकत नसल्याचं दाखवत ऐकायचे. तेवढं क्रिकेट माझ्या डोक्यात पक्कं बसलं. हे बरं झालं असं मला वाटत होतं.

जुलैमध्ये सामने सुरू झाले. मोजकी माणसं आत, खुणा केलेल्या जागी बसायची, आणि ओरडायला बंदी. ओरडलं की तोंडातून तुषार उडतात. हेनीबाईंना तर त्यांच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, गर्दीत पाऊलही टाकायचं नाही असं बजावलं होतं; फुफ्फुसं आधीपासून अधू. मार्चपासून त्या खाली उतरल्या नव्हत्या, किराणा निखिल आणायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मैदान समोर दिसायचं. पण त्यांना नाही. नजरेच्या बरोबर मध्यावर डाग पडला होता. कडेकडेने कोण कुठे पळालं ते कळायचं, आवाजावरून टोला कळायचा, त्यावर त्यांचा कागद चालायचा. चेंडू मात्र दिसायचा नाही.

"तू मोज," त्यांनी मला दुर्बीण देत म्हटलं. मोजायला बोटाने दाबायचं एक यंत्र होतं, पण त्याची स्प्रिंग गेलेली. मी म्हटलं, यंत्र कशाला, आणि सासूबाईंनी दिलेली तुळशीची जपमाळ आणली. तिच्या पंच्याहत्तराव्या मण्यावर लाल दोरा बांधला. देव रागावेल का, असा विचार आला, पण देवळं तर तेव्हा बंदच होती. त्यालाही रविवारी काही काम नसावं. हेनीबाईंनी माळ हातात घेऊन मोठा मणी चाचपला. मी सांगितलं, हा मेरुमणी, हा ओलांडायचा नाही, इथून मागे फिरायचं. त्या म्हणाल्या, "चांगला नियम आहे. रॉबला सांगायला हवा."

त्यांनी मला खेळ समजावायलाही घेतला होता. चेंडू बॅटवाल्यासमोरच्या ठरावीक पट्ट्यात पडला की पंच हात वर करतो. बाहेर गेला की तो गप्प. असे चार बाहेर गेले की बॅटवाला फुकटात पहिल्या बेसवर. मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, आम्हाला बॅट-बॉल शिकवता? बाहेर गेला म्हणजे वाइड. समजलं.

रॉबने अर्थातच टाइसला सुरुवातीपासून टाकायला लावलं. वीम बाकावर. हेनीबाईंची पेन्सिल कडक झाली. पण सातवा डाव संपून टाइस बाहेर आला तेव्हा मी आकडा सांगितला: अडुसष्ट. त्या थबकल्या. पुन्हा विचारलं. अडुसष्ट. सात डाव आणि अडुसष्ट. पुढच्या रविवारी पुन्हा सात डाव, एकाहत्तर. त्या दिवशी त्या जरा वेळ कागदाकडे वाकून बघत राहिल्या. कागद त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचायच्या, मान तिरकी करून, चिमणीसारखी.

"पाच जणांना त्याने फुकट बेस दिला," त्या म्हणाल्या. "तरी एकाहत्तरच?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, "छत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या कानाकडे पाहिलं, आणि एकाहत्तर लिहिलं. सोमवारी त्यांनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा कौतुकाचं कार्ड लिहिलं. आकडे त्या कार्डावर कधीच लिहीत नसत; आकडे त्याच्याकडे असतात, म्हणत, नसतं ते मत. कार्डावर एवढंच होतं: 'रॉब, पोराला वेळेवर काढलंस. शाब्बास. असंच चालू ठेव. हेनी.' ते पेटीत टाकायला मीच गेले होते. नारिंगी पेटीत ते पडल्याचा आवाज मला अजून आठवतो.

तिसरा रविवार. टाइसचा चेंडू आज कुठेही जात होता. कॅचर उड्या मारून मारून दमला. सहाव्या डावात माझी माळ अठ्ठावन्नवर होती आणि मला कंटाळा आला होता. मी सहज म्हटलं, "आज काय वाइडचा पाऊस पाडलाय याने. बरं झालं, ते धरायचे नसतात."

पेन्सिल थांबली.

"धरायचे नसतात म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. मोठ्या प्रेमाने, पोरींना सांगायचे तसं. की वाइड हा मोजणीत येत नाही, तो परत टाकावा लागतो, आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. बोलता बोलताच माझा आवाज बारीक होत गेला. परत टाकावा लागतो. म्हणजे हात परत फिरतो. षटक मोजणाऱ्याला तो चेंडू नसेल, हाताला तो असतोच.

"तिन्ही सामन्यांत?" हेनीबाईंनी विचारलं.

"हो."

आणि तुम्हाला सांगते, एकाहत्तर वर्षांच्या माझ्या तोंडात ते जुनं वाक्य तयार होऊन आलं होतं. मुद्दामच केलं, बघत होते. जिभेच्या टोकावर होतं. पण हेनीबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कागदावर पेन्सिल फिरवत काहीतरी जुळवत होत्या. मग म्हणाल्या, आज पंच्याण्णव होऊन गेले असतील. मागच्या दोन्ही वेळी शंभराच्या बरेच पुढे. त्या उठल्या, घरात गेल्या, मास्क लावला आणि चाकांचा वॉकर ढकलत बाहेर आल्या.

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. मी जाते. त्या म्हणाल्या, "रॉब तुला ओळखत नाही." आणि बॅटी ओलांडून लिफ्टकडे गेल्या. त्या बॅटी कोणी ओलांडल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं सगळं मी दुर्बिणीतून, बिनआवाजाचं पाहिलं. खाली सायकलींच्या रस्त्याकडेला वॉकर आला, थांबला, दोन सायकली गेल्या, मग पलीकडे गेला. फाटकावरच्या माणसाने हात आडवा केला आणि चेहरा बघून बाजूला घेतला. हेनीबाई जाळीपाशी पोहोचल्या. श्वास लागलेला इतक्या लांबून कळत होता; दोन्ही हातांनी जाळी धरली होती. ओरडायला बंदी. बंदी नसती तरी ओरडायला छातीत हवा नव्हती. त्यांनी एक हात सोडवला, वर केला, आणि त्याने दुसऱ्या दंडावर दोनदा थोपटलं. या खेळात पिचर बदलायची ती खूण असते, आणि ती करायचा हक्क फक्त कोचला.

पंचाने पाहिलं, कॅचरने पाहिलं. मग रॉबने पाहिलं. पहिल्यांदा तो हसला असावा. हेनीबाईंनी पुन्हा थोपटलं. तो जाळीपाशी आला. दोघं बोलले, अर्धा मिनिट फार तर. मग तो वळला आणि टाइसकडे चालत गेला. त्याच्याकडून चेंडू घेतला. टाइस डाव्या हाताची बोटं उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता, जणू ती त्याची नव्हेतच.

वीम आला. त्याला बदडून काढलं. संघ नऊ-दोन हरला. माझ्यामुळे असं मी म्हणणार नाही, पण माझा त्यात हात नव्हता असंही नाही.

हेनीबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. बराच वेळ नुसता श्वास घेतला. मग पॅड ओढून शेवटचे तीन डाव मला विचारून कागदावर घेतले. मला राहवेना म्हणून मी विचारलं, काय म्हणालात त्याला?

"तो म्हणाला, तुझं कार्ड मी ड्रेसिंग रूममध्ये लावलंय. मी म्हटलं, काढ. माझी मोजणी चुकली."

"माझी चुकली," मी म्हटलं. "तुमची नाही."

त्यांनी कागदाच्या तळाशी सही केली आणि तो मला दाखवला. "खाली नाव कोणाचं आहे?"

तेवढंच. ना चिडणं, ना समजूत घालणं. पंधरा वर्षांत एकदा दिलेली शाबासकी ही बाई श्वास लागलेल्या छातीने, भर मैदानात जाऊन परत घेऊन आली होती, आणि वर दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन. आणि मी, सातआठे चोपन्न लिहून वर पोरीची पाठ थोपटणारी. माझ्याहून मोठ्या माणसांच्या पाया पडायची मला सवय आहे, पण ती सवयीनेच. त्या दिवशी मध्ये दोन बॅटी नसत्या तर मी खरोखर वाकले असते.

टाइसचं कोपर सुजलं होतं. डॉक्टरने तीन आठवडे विश्रांती सांगितली. वेळेवर थांबलात, म्हणाला, अजून दोन डाव टाकले असते तर सांगता आलं नसतं. सोमवारच्या कार्डावर हेनीबाईंनी मोजणी चुकल्याचं लिहिलं आणि मी त्यांच्या हातून कार्ड घेऊन खाली इंग्रजीत एक ओळ घातली: 'चुकीची मोजणी शेजारणीने केली होती. गणिताची शिक्षिका, निवृत्त.' हेनीबाईंनी ती तिरक्या मानेने वाचली आणि खोडली नाही. आयुष्यातली माझी पहिली लेखी कबुली हार्लेमच्या पोस्टाने गेली.

आणि उत्तर आलं. गुरुवारी, पोस्टकार्डच. ते वीमच घेऊन आला, पोस्टमनच्या गणवेशात. त्यावर रॉबचं वेडंवाकडं अक्षर: 'मला जाळीमागून आकडा कोणी सांगत नाही. माणसं कमी आहेत. पंच्याहत्तर झाले की गॅलरीतून काहीतरी दाखवा. मी वर बघेन.' काहीतरी म्हणजे काय यावर आमची सकाळ गेली. शेवटी माझा लाल टॉवेल ठरला. मी आधी पांढरा पंचा काढला होता; हेनीबाई म्हणाल्या, तो पाहून लोकांना वाटेल शरण गेलो.

पुढचे दोनतीन रविवार टॉवेल लागलाच नाही. वीम पन्नासाव्या चेंडूलाच दमायचा. आणि माझं विमान सुरू झालं. तारीख आली ती नेमकी टाइस परतणार त्याच रविवारची.

आता मोजणार कोण? मला वाटत होतं त्याहून मला ते जास्त लागलं. निखिलला सांगितलं, तो म्हणाला, आई, सामान विमानतळावर नेऊ की मैदानावर? हेनीबाई मात्र शांत. म्हणाल्या, ओरडायला बंदी आहे ना, मग मैदान किती गप्प असतं ते ऐकलंस का कधी? चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडला की थाप वाजते. बॅटला लागला की टणका. दोन्हींतलं काहीतरी प्रत्येक चेंडूला वाजतंच. "आणि आत पडलेला आणि बाहेर पडलेला," त्या म्हणाल्या, "वाजतात सारखेच." हा टोमणा होता. सहा महिन्यांतला एकमेव. मी तो आनंदाने घेतला.

जायच्या आधीच्या दोन रविवारी आम्ही तालीम केली. त्या डोळे मिटून माझी माळ ओढायच्या, मी दुर्बिणीतून मोजायचे, सगळे, आत-बाहेर सगळे. पहिल्या दिवशी फरक दोनाचा. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. मी माळ त्यांच्याकडेच ठेवली. सासूबाई वरून बघत असतील तर बघोत.

हेनीबाई पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. त्या काळातली प्रत्येक बातमी ज्या आजाराने यायची त्याने नाही. झोपेत, आपल्या आपण. निरोपाला मोजक्याच लोकांना परवानगी होती. रॉबने निखिलला फोन करून विचारलं, ती माळ तुमच्या आईची आहे ना, परत पाठवू का? मी कळवलं, राहू दे. टाइस अजून टाकतो, असं निखिल सांगतो. माळ बाकाशेजारच्या खुंटीला असते.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतं ते हे नाही. त्या रविवारी सामना सुरू झाला आणि तासाभराने माझी टॅक्सी आली. हेनीबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून डावा हात वर केला; उजव्यात माळ होती आणि बोलल्या असत्या तर मोजणी चुकली असती. मीही बोलले नाही. खाली उतरले, गाडीत बसले. कालव्यावर पोहोचतो तो पूल वर गेलेला. शिडाची एक होडी निवांत चालली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी काच खाली केली. पाण्यापलीकडे मैदानाचा बाकाकडचा कोपरा दिसत होता, त्याच्यामागे आमची इमारत, तिसऱ्या मजल्यावर एक पांढरं डोकं. माणसं असून मैदान गप्प होतं. थाप. जरा वेळाने थाप. मग टणका. मी बोटांवर मोजायला लागले, मग आठवलं, मला सुरुवातच माहीत नाही.

होडी पुलाखालून गेली आणि गॅलरीच्या कठड्यावर लाल टॉवेल पडला.

रॉब बाकाजवळून बाहेर आला. वर पाहिलं, डावा हात उंच केला आणि टाइसकडे चालत निघाला. हेनीबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पांढरं डोकं खाली वाकलेलंच. माळ पुन्हा पहिल्या मण्यावर आणून त्या वीमची वाट बघत बसल्या असणार.